कपाटातली ऐरण

काही वस्तूंचे भाग्य त्या निकामी झाल्यावर उदयाला येते. जात्याचेच पाहा. ज्या जात्यापाशी पहाटे बसून दोन-तीन पिढ्यांच्या बायकांनी आपले खांदे झिजवले, ते जाते आता बंगल्याच्या बागेत फुलझाडाच्या कुंडीखाली विसावले आहे. मोरीच्या कोपऱ्यात धुराने काळवंडलेला बंब लख्ख होऊन दिवाणखान्यात आला आणि त्याच्या पोटात निखाऱ्यांऐवजी विजेचा दिवा लागला. अडकित्ते, समया, दौती, पितळी डबे, कळीची कुलपे, साऱ्यांचेच दिवस पालटले. मालकिणीच्या हाताला फोड आणीत होती तोवर ही मंडळी अडगळ होती. हाताशी संबंध सुटला आणि त्यांची कला झाली.

इथवर माझी काही तक्रार नाही. दिवाळीच्या दिवसांत चार घरी फराळाला गेल्यावर एखादा उजळलेला बंब दिसला, तर मलाही बरेच वाटते. पण अलीकडे या मानकऱ्यांच्या पंगतीत एक नवा पाहुणा येऊन बसू लागला आहे, आणि त्याच्याविषयी मात्र जरा थांबून विचार करावासा वाटतो. हा पाहुणा म्हणजे कारागिराचे हत्यार. लोहाराची ऐरण, तांबटाचा हातोडा, सांडस, भाता. भांडे आणि हत्यार यांत एक फरक आहे. भांडे कुणीतरी घडवलेले असते. हत्याराने कुणीतरी घडवीत असतो. भांडे विकत घेतले म्हणजे कारागिराचे काम आपल्या घरी येते. हत्यार विकत घेतले म्हणजे काय येते? प्रश्न वाटतो तितका रिकामपणाचा नाही. आणि नाशिकच्या माणसाला तर तो टाळताही येण्यासारखा नाही.

नाशिक हे जसे देवांचे गाव तसेच भांड्यांचे. रामकुंडावर स्नान, काळ्या रामाचे दर्शन आणि परतताना भांडीबाजारातून एखादे तांब्याचे पात्र, ही यात्रेकरूंची जुनी त्रिस्थळी. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. त्या गंगेचे पाणी गावी न्यायचे तर तांब्याचा गडू हवा, त्याचे तोंड झाळून बंद केलेले हवे, आणि तो घरी देवघरात वर्षानुवर्षे राहिला तरी गळता कामा नये. १८८३ साली सरकारने छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरातसुद्धा इथल्या तांब्यापितळेच्या धंद्याची दखल घेतलेली आहे. ही भांडी घडवणारे तांबट स्वतःला त्वष्टा कासार म्हणवतात. त्वष्टा म्हणजे वेदांतला देवांचा कारागीर. इंद्राचे वज्र त्याने घडवले. वज्राची कीर्ती त्रिखंडात झाली, पण ते ज्या हातोड्याने घडवले त्याची चौकशी कुठल्याही ऋषीने केलेली मला आढळली नाही. हत्याराच्या वाट्याला अनुल्लेख यायचा हा प्रघात असा पुराणा आहे.

जुन्या नाशकात तांबटांच्या वस्तीजवळून गेले की पूर्वी आधी कानांना पत्ता लागे. आता तो नाद पुष्कळ मंदावला आहे. पण थांबलेला नाही. एखाद्या दुकानाच्या मागल्या अंगाला डोकावून पाहा. जमिनीत तिरक्या रोवलेल्या लोखंडी दांड्या, कुणाचे डोके गोल, कुणाचे चपटे, कुणाचे उंटाच्या मानेसारखे वळलेले. त्या दांड्यांवर भांडे उपडे घालून बाहेरून ठोके घालायचे. तांब्याचा स्वभाव मोठा विचित्र आहे. ठोकत गेले की ते कठीण होत जाते, हट्टाला पेटते, आणि तरीही ठोकत राहिले तर फाटते. म्हणून मध्येच त्याला भट्टीत घालून लाल करायचे, की ते पुन्हा लोण्यासारखे मऊ होते. पोलादाचे याच्या उलट: तापवून पाण्यात बुडवले की ते कडक होऊन बाहेर येते. तांबट आणि लोहार एकाच विस्तवाचे उपासक, पण दोघांचे शास्त्र निराळे. शेवटी मठारणे. हंडा आकाराला आल्यावर त्याच्या सबंध अंगावर लहान हातोड्याने एकाला एक लागून ठोके घालीत जायचे. आपल्याला ती नक्षी वाटते. वस्तुतः त्या ठोक्यांनीच पातळ पत्र्याला बळ येते, नाहीतर पाणी भरल्याबरोबर हंड्याचे पोट पडेल. सौंदर्य हे तिथे मजबुतीचे दुसरे नाव आहे.

आता तो मठारायचा हातोडा हातात घेऊन पाहा. त्याचा तोंडवळा आरशासारखा गुळगुळीत असतो. असावाच लागतो, कारण त्याच्यावरचा एक ओरखडा हंड्यावर हजारदा उमटेल. दांडा मात्र तीनदा-चारदा बदललेला. मुठीच्या जागी लाकडाला अंगठ्याची खळगी पडलेली. बापाच्या अंगठ्याची असेल तर मुलाला ती नेमकी बसत नाही, म्हणून तो नवा दांडा घालतो आणि आपली खळगी पाडायला आरंभ करतो. संग्राहकाला जुनाच दांडा हवा असतो. कारागिराला त्याचे आश्चर्य वाटते, कारण त्याच्या दृष्टीने हातोडा हा काही एक पदार्थ नव्हे. ती एक जागा आहे, आणि त्या जागेवर पिढ्या येतात-जातात.

पांडवलेण्यांत गेलात तर भिंतींकडे, विशेषतः जिथे झिलई अपुरी राहिली आहे तिथे, जरा तिरप्या उजेडात पाहावे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या छिन्नीचे घाव ताजे दिसतात. उषवदाताने भिक्षूंच्या चिवरांसाठी विणकरांच्या श्रेण्यांकडे तीन हजार कार्षापणे कायम ठेवीत ठेवल्याचा लेख तिथेच कोरलेला आहे. दात्याचे नाव राहिले, व्याजाचा दरसुद्धा राहिला. ती छिन्नी मात्र कुठे नाही, आणि एवढा काळा फत्तर कापताना रोज बोथट होणाऱ्या छिन्न्यांना धार लावून देणारा जो लोहार डोंगराच्या पायथ्याशी भाता फुंकीत बसला असेल, तोही नाही. झिजून झिजून ती छिन्नी संपली असेल, किंवा तिचे दुसरे काहीतरी घडवले असेल. हत्याराने नाहीसे व्हायचे आणि काम राहायचे, हीच जुनी व्यवस्था होती. आपण ती उलटी करायला निघालो आहोत. काम नाहीसे होत आहे आणि हत्यार राहत आहे.

हे कसे झाले ते सांगायला फार शब्द नकोत. आधी जर्मलची भांडी आली, मग स्टेनलेस स्टील आले, पाठोपाठ प्लॅस्टिक. कल्हईवाल्याची हाक बंद पडली. घरोघरचे हंडे-घंगाळी वजनावर मोडीत गेली; 'मोडीत काढणे' हा आपला वाक्प्रचारच मुळी या भांड्यांच्या नशिबातून आला आहे. खेड्यात ट्रॅक्टर आला तसे फाळ शेवटून घ्यायला लोहाराकडे जाणारा शेतकरीही विरळ झाला. लोहाराची मुले शिकली आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लागली. त्यात वाईट काही नाही. भट्टीपुढे उभे राहून हाडे शेकवण्यापेक्षा ते शंभर पटीने बरे. मागे राहिली ती ऐरण. ती भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जायची, तेवढ्यात रस्त्यात तिला रसिक भेटला आणि तिचा भाव नगावर ठरू लागला. किलोपासून नगापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच कला होणे, असे कुणी थट्टेने म्हटले तर त्याला उत्तर देणे कठीण आहे.

या व्यापाराचे मोठे रूप पाहायचे तर आफ्रिकेकडे पाहावे. तिथल्या लोहारांची हत्यारे युरोप-अमेरिकेतले लोक फार दिवसांपासून जमवीत आहेत. २०१८ साली लॉस एंजेलिसच्या फाउलर संग्रहालयात आफ्रिकेच्या लोहारकामाचे एक मोठे प्रदर्शन भरले. पुढे ते वॉशिंग्टनला आणि पॅरिसलाही गेले. अशा प्रदर्शनांतून जे दिसते ते पाहून माणूस थक्क होतो. मध्य आफ्रिकेतल्या फांग लोकांच्या लाकडी भात्यांवर माणसाचे मस्तक कोरलेले असते. पुष्कळ ठिकाणी लोखंड गाळायच्या मातीच्या भट्टीला स्त्रीचे रूप देतात, तिला स्तन घडवतात; लोखंड 'गळत' नाही, जन्माला येते. कांगो प्रदेशातल्या लुबा लोकांत ऐरणीच्या आकाराच्या लहान लोखंडी पिना केसांत खोवतात. रुआंडाच्या एका जुन्या राजाच्या थडग्यात त्याच्या उशाला लोखंडी ऐरणी सापडल्या. राजाने निजायचे ते ऐरणीवर डोके टेकून! आपल्याकडे 'साधी माणसं' या १९६५ च्या चित्रपटातले लोहाराचे जोडपे ऐरणीलाच देव मानून गाते, तेव्हा सारा महाराष्ट्र हेलावला होता. पण आपल्या एखाद्या राजाच्या उशाला ऐरण ठेवायची कल्पना आपल्या बखरकारांना सुचली नसती.

सिएरा लिओन, लायबेरिया आणि गिनी यांच्या सरहद्दीवर लोखंडी पिळाच्या लांब कांबी चलन म्हणून चालत. किसी लोकांच्या नावावरून त्या ओळखल्या जातात. एक टोक चपटे, दुसरे कानासारखे आडवे. अशी कांब मोडली तर तिच्यातला जीव निघून गेला असे समजत आणि मग तिला कुणी पैसा म्हणून घेत नसे. जाणत्याने विधिपूर्वक ती पुन्हा जोडली म्हणजेच जीव परत येई. आम्हा नाशिककरांना हे ऐकून हसू येऊ नये. आमच्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात आणि अंजनेरीला, १९८० साली स्थापन झालेल्या नाणेशास्त्राच्या संस्थेत, मेलेल्या पैशाचा अभ्यास होतो. कागदाच्या तुकड्यात जीव कधी येतो आणि कधी जातो, याचे गूढ आमच्या इतके जवळून कुणी पाहिले आहे?

पण मला सांगायचे आहे ते निराळेच. या आफ्रिकी वस्तूंच्या बाजारात वस्तूची किंमत ठरते ती वापराच्या खुणांवरून. हाताच्या घामाने आलेली काळी झिलई, झिजलेली मूठ, धुराचा थर. विकण्यासाठीच घडवलेली नवी वस्तू दोन कवडीची. तीच एखाद्या लोहाराने तीस वर्षे राबवलेली असेल तर अमोल. त्यामुळे नव्या वस्तूला धूर देणारे, तेल चोळणारे, मातीत पुरून ठेवणारे चतुर लोकही त्या बाजारात आहेतच. म्हणजे संग्राहकाची मागणी नेमकी काय झाली? वस्तू वापरलेली हवी. पण वापरात नको. कष्ट झालेले हवेत. पण चालू असलेले नकोत. घाम वाळलेला हवा.

ही मागणी एकदा अशी उघडी मांडली की मनाला कुठेतरी टोचते. कारण ज्या काळात ही हत्यारे युरोपात कला म्हणून जाऊ लागली, त्याच काळात युरोपच्या कारखान्यांतले स्वस्त लोखंड आफ्रिकेत येऊन तिथल्या भट्ट्या विझवीत होते. आपल्या मध्य हिंदुस्थानातल्या अगरियांची हकीकत व्हेरियर एल्विनने १९४२ साली एका स्वतंत्र ग्रंथात लिहिली. लोहासुराला भजणारी, डोंगरातल्या मातीतून स्वतः लोखंड काढणारी ही जमात भट्टीवरचा कर, जंगलाचे कायदे आणि बाजारातले स्वस्त लोखंड यांच्या कात्रीत सापडून कशी खचली, ते त्यात वाचायला मिळते. आधी भट्टी विझते आणि मग भात्याचे कौतुक सुरू होते, हा क्रम निव्वळ योगायोगाचा नाही.

इथे माझे एक मित्र मला अडवतील. ते स्वतः उत्तम संग्राहक आहेत, आणि त्यांचा युक्तिवाद मी त्यांच्याइतक्याच जोराने मांडला पाहिजे. ते विचारतील, 'अहो, भट्टी संग्राहकाने विझवली का? ती तर विझलीच होती. आम्ही नसतो तर तुमची ऐरण वितळून तिच्या सळया झाल्या असत्या. मग तुम्ही निबंध तरी कशावर लिहिला असता?' यावर मजजवळ सबळ उत्तर नाही, आणि ते आहे असा आव मी आणणार नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांचे उदाहरण तर या वादात कुणालाही नमवील. १८९६ साली जन्मलेला हा कवी, 'अज्ञातवासी' या नावाने लिहिणारा, चष्म्याच्या दुकानावर चरितार्थ चालवणारा. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, आणि त्याच्या नावाने उभ्या केलेल्या संग्रहात त्यांनी उरलेले आयुष्य ओतले. दिवे, अडकित्ते, विळ्या, कुलपे, फण्या. ज्यांच्याकडे इतिहासकार ढुंकून पाहत नव्हते अशा वीस हजारांवर वस्तू. शेवटी सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवून १९९० साली ते गेले. खेड्यापाड्यांतून त्यांनी गोळा केले नसते, तर आपल्या आज्या-पणज्या भाजी कशावर चिरीत होत्या हे सांगायला आज साक्षीदार उरला नसता. मी त्या संग्रहालयात विळ्यांच्या रांगेपुढे उभा राहिलो तेव्हा माझ्या सगळ्या शंका बाहेर चपलांपाशी राहिल्या होत्या.

तेव्हा संग्रह करावा की करू नये, असा प्रश्नच नव्हे. आनंद कुमारस्वामी १९१७ पासून १९४७ साली निधन होईपर्यंत बोस्टनच्या संग्रहालयात होते. आणि कलावस्तू मुळात प्रदर्शनात मांडायच्याच कशाला, हा प्रश्न त्यांनीच जाहीरपणे विचारला. संग्रहालयातली जुनी वस्तू संग्रहालयासाठी घडवलेली नव्हती, तेव्हा ती कशासाठी होती हे पाहणाऱ्याला कळले नाही तर तिचे नुसते रूप पाहून काय साधले, असा त्यांचा रोख होता. ज्या पेढीवर बसायचे तिच्याच हिशेबाविषयी शंका काढायची, याला धैर्य लागते.

माझा प्रश्न त्याहून लहान आहे आणि अधिक अडचणीचा. तो घेणाऱ्याच्या डोळ्यांचा नाही, देणाऱ्याच्या हाताचा आहे. ऐरण कुणाकडून, कोणत्या वेळी घेतली?

यावर आपल्या कायद्यांनी न बोलता पुष्कळ बोलून ठेवले आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम वकिलांखेरीज कुणी वाचत नाही, पण ते सर्वांनी वाचावे असे आहे. कर्जदाराविरुद्ध हुकूमनामा झाला तरी काही वस्तूंवर जप्ती आणता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीने स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने; आणि कारागिराची हत्यारे. मंगळसूत्र आणि ऐरण एका कलमात! ज्याने हा मसुदा केला त्याच्या मनात काव्य नसेल, व्यवहारच असेल: हत्यार नेले तर माणूस कर्ज फेडणार कशाने? पण व्यवहाराच्या तळाशी एक जाण आहे. हत्यार ही माणसाची मालमत्ता आहे, त्याहून अधिक तो माणसाचा अवयव आहे. ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्रात जात्याची तळी गहाण घेऊ नये अशी आज्ञा आहे, कारण ते माणसाचा जीवच गहाण घेणे होय. आमच्या बागेतल्या जात्यांना हे ठाऊक नसावे.

आता दुसरा कायदा पाहा, १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांची झालेली आणि गतकाळातल्या कला-कारागिरीची साक्ष देणारी वस्तू ही पुरावस्तू. ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. फार योग्य कायदा. पण एखाद्या लोहाराच्या पणज्याची ऐरण शंभर वर्षे ओलांडून गेली असेल आणि आज सकाळीच तिच्यावर त्याने खुरपे ठोकले असेल, तर ती कोणत्या गतकाळाची साक्ष? तिचा काळ गेला हे कोण ठरवणार? बहुधा आपणच. आपण त्याच्याकडे खुरपे करून घ्यायचे बंद केले की त्याचा काळ गत होतो आणि ऐरण प्राचीन होते.

आणि म्हणून मला ती विचित्र गोष्ट दिसते. जी ऐरण सावकाराला बेलिफामार्फत नेता येत नाही, ती रसिकाला रोख पैसे मोजून नेता येते. कायद्याच्या दृष्टीने यात अन्याय नाही. विकणारा राजीखुशीने विकतो. पण पावसाळ्याच्या अखेरीला, काम नसताना, मुलाची फी भरायची असताना दाखवलेली राजीखुशी किती राजी आणि किती खुशी, हे विकणाऱ्याच्या बायकोला विचारावे.

यात जातीचाही एक पदर आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लोहार हा बलुतेदारांतल्या थोरल्या ओळीचा; त्याच्यावाचून नांगर चालत नसे. तरी वाड्यात त्याची धाव ओसरीपर्यंत. घिसाड्यांना तर तेवढेही नव्हते: बैलगाडीवर संसार, गावाबाहेर पाल, आणि पालापुढे नवरा सांडशीत लोखंड धरतो आहे व बायको घण घालते आहे, हे चित्र पाहत आपण मोठे झालो. त्या बाईच्या हातातल्या घणाला आज दिवाणखान्यात जागा आहे, खास दिव्याचा झोत आहे. तिला होती का? तिच्या नातीला आज आहे का? घण आत आला. घण उचलणारी बाहेरच राहिली. याला सन्मान म्हणायचे असेल तर म्हणावे, पण तो अर्ध्याच वाटेवर थांबला आहे एवढे ध्यानात असू द्यावे.

आपल्या परंपरेत हत्याराचा सन्मान नव्हता असे नाही, मोठा होता. फक्त त्याची रीत वेगळी होती. खंडेनवमीला लोहार ऐरणीला, तांबट हातोड्याला, शिंपी कात्रीला हळदकुंकू लावतो, झेंडूचे फूल वाहतो; त्या दिवशी तिला कामाला लावत नाही. आमच्या सातपूरच्या कारखान्यांतली यंत्रेसुद्धा त्या दिवशी झेंडूच्या माळा घालून उभी असतात. आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, सोन्यानाण्याच्या शेजारी, आपण कशाची पूजा करतो? नव्या केरसुणीची. तिलाच लक्ष्मी म्हणतो, तिला पाय लागू देत नाही. मग ती केरसुणी आपण कपाटात ठेवतो का? छे. दुसऱ्या दिवशी पहाटे ती अंगणातला कचरा काढीत असते. पूजा ही एका रात्रीची विश्रांती आहे. हत्यार खाली ठेवायचे, त्याला नमस्कार करायचा, आणि मग ते पुन्हा उचलायचे. उचलायचे नसेल तर नमस्काराला तरी काय अर्थ? काचेच्या कपाटातली ऐरणही नमस्कारच घेत असते, पण तिची नवमी कधी संपतच नाही. तिच्या दसऱ्याची सकाळ उजाडत नाही.

मग करावे काय? तत्त्वज्ञाला हा प्रश्न विचारू नये असा संकेत आहे, पण मी तत्त्वज्ञ नव्हे, आणि दिवाळीच्या खरेदीच्या दिवसांत हा प्रश्न अगदीच हवेतला नाही. मला वाटते, ज्याची भट्टी विझून गेली आहे आणि मुलांना तिचे कारण उरलेले नाही, त्याचे हत्यार भंगारात जाण्यापेक्षा सांभाळणाऱ्याच्या घरी जावे, हे उत्तम. त्याबरोबर माणसाचे नावही जावे. आपल्या संग्रहांतून 'ऐरण. लोखंड. विसावे शतक' एवढीच पाटी पुष्कळदा असते; जणू ती ऐरण खाणीतून तशीच निघाली! ज्याची भट्टी अजून तापते आहे त्याच्याकडे मात्र हत्याराचा भाव विचारण्याआधी कामाचा भाव विचारावा. चार जणांनी हातोडे विकत घेतले तर तांबटाची आळी वस्तुसंग्रहालय होईल. चाळीस जणांनी हंडे घेतले तर हातोडे तिथेच राहतील, आणि झिजतील, आणि झिजावेतच.

गेल्या वर्षी जुन्या नाशकात एका वयस्क तांबटांकडे मी हा विषय काढला होता. हातोडे विकत घ्यायला कुणी येते का, असे विचारले. 'येतात की,' ते म्हणाले, 'मुंबईहून येतात, मोटारी घेऊन.' त्यांनी दोन विकलेही होते. मोडके होते, त्यांच्या मते गिऱ्हाईकच फसले. भिंतीला टेकवलेला एक जडशीळ हातोडा त्यांच्या वडिलांचा होता. आता खांदा साथ देत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे उचललेला नाही, असेही त्यांनी सांगितले. हा द्याल का, म्हणून मी सहज विचारले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्या हातांकडे पाहिले.

'देईन हो साहेब. पण तुम्ही ठोकणार काय याने?'

मी हंड्याचे बोललो. मग ते एकदम कामाचे झाले. किती पाण्याचा, गळ्याचा की सरळ, कडी हवी की नको, पत्रा किती जाडीचा; तांब्याचा त्या दिवसाचा भाव सांगितला, मजुरी वेगळी सांगितली. विसार घेतला आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी गडूंचे मोठे काम अंगावर आहे, तेव्हा घाई करू नका, म्हणाले. तो जड हातोडा भिंतीला टेकलेलाच होता. त्यांचा नातू शाळेतून आला आणि दप्तर त्याच्या दांड्याला अडकवून आत गेला.